सावेताच्या हातचे बूट

रानडुकरांच्या शिकारीचा हंगाम जानेवारी सरता सरता संपतो. शेवटचा हाका झाला की आमच्या खोऱ्यात घरोघरी ओसरीवर बूट येऊन पडतात. चिखलाने आणि रक्ताने माखलेले, गुडघ्याएवढ्या बर्फातून फिरून फुगलेले. पुरुष दोन दिवस झोपा काढतात आणि बूट बायकांच्या हाती जातात.

सावेताच्या हाती गेलेले बूट लगेच ओळखू यायचे. तिचा बाप तोदोर खालच्या आळीत बूट शिवायचा. आसपासच्या डोंगरांतले शिकारी त्याच्याकडे पायाचं माप द्यायला येत. आई लवकर गेली, त्यामुळे सावेता त्याच्या दुकानातच वाढली, चामड्याच्या तुकड्यांवर रांगत. लग्नात बापाने तिला आपली लोखंडी ऐरण, आऱ्या आणि कलबुतांची, म्हणजे बुटात घालायच्या लाकडी पावलांची, पेटी दिली, आणि जावयाला, इलारियेला, स्वतःच्या हाताने शिवलेले उंच बूट. तोदोरने शिवलेला तो शेवटचा जोड.

दर फेब्रुवारीत सावेता ते बूट घेऊन लाकडांच्या पडवीत बसायची. आधी नाड्या काढून धुवायच्या. जीभ बाहेर ओढून दुमडीत अडकलेली माती काटकीने उकरायची. मग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं, भिजवायचं नाही. आत ओटचे कोरडे दाणे गच्च भरायचे, ते ओल पितात. आणि वाळवायचे सावलीत, वाऱ्यावर. चुलीजवळ कधीच नाही. चामडं जिवंत असतं, त्याला चटका बसला की ते आतून मरतं, असं तोदोर म्हणायचा. आठवड्याने गाईची चरबी आणि मधमाशीचं मेण एकत्र वितळवून ती ते तळहाताने चोळायची, शिवणीवर जास्त. शेवटी कलबूत घालून, वर फडकं बांधून, बूट माळ्याच्या तुळईला टांगायचे. उन्हाळ्यात अधूनमधून उतरवून बुरशी पुसायची. ऑक्टोबरात इलारिये पाय घालायचा तेव्हा बूट लोण्यासारखे मऊ असायचे.

इलारिये स्वभावाने वाईट नव्हता, असं गावात अजूनही म्हणतात. म्हणणाऱ्यांना त्याच्या घरात राहावं लागलं नाही. उंच, हसरा, नेम पक्का. आलुबुखाराची दारू पोटात गेली की मात्र तो बोलायचा थांबायचा आणि हात बोलायला लागायचे. सावेता मार खायची आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल पुढे ओढून विहिरीवर यायची. घरात तिसरं माणूस म्हणजे इलारियेची म्हातारी आई, राफिला. ती फारसं बोलत नसे. तिनेही त्याच घरात, त्याच्या बापाच्या हातचा मार खाल्लेला होता.

त्या वर्षी शेवटच्या हाक्याला जखमी डुकराने इलारियेच्या कुत्रीचं पोट फाडलं. त्याने स्वतः तिला गोळी घालून संपवलं आणि तसाच ओला घरी आला. दुसऱ्या दिवशी मावसभावाकडे लग्न होतं आणि त्याला तेच बूट घालून जायचं होतं. सावेता म्हणाली, एका दिवसात वाळायचे नाहीत, दुसरे घाल. त्याने ऐकलं नाही. पीत बसला आणि ती झोपल्यावर बूट चुलीच्या तोंडाशी ठेवून तिथेच लवंडला.

सकाळी बूट लाकडासारखे ताठ झाले होते. घोट्याच्या वळणावर दोन्हीकडे चामडं तडकलं होतं. इलारियेने बोट घालून तडा पाहिला. सावेता मामालिगा ढवळत होती. मक्याच्या पिठाचा तो सांजा हात सोडला की करपतो, म्हणून तिने मागे पाहिलं नाही.

"काय केलंस हे?" त्याने विचारलं.

ती म्हणाली, मी काही केलं नाही, चुलीजवळ तूच ठेवलेस.

पहिला फटका कानामागे बसला. ती चुलीवर आदळली, भांडं कलंडलं. त्याने डाव्या हाताने तिचे केस धरले आणि उजव्या हातात बूट उलटा धरून टाच तिच्या तोंडावर आणली. टाचेला खिळे होते, बर्फात पाय रोवण्यासाठी तोदोरने ठोकलेले. दुसऱ्या फटक्याला गालाचं हाड आत गेलं. तिसऱ्याला दात पडले. ती ओरडत नव्हती, कारण तोंडात रक्त भरलं होतं. पुढेपुढे ती सांगायची की दुखणं नंतर सुरू झालं, त्या वेळी फक्त चामडं जळल्याचा वास येत होता आणि बापाची आठवण येत होती.

राफिला चुलीमागच्या बाकावरून उठली. लाकडं फोडायची कुऱ्हाड तिथेच भिंतीला टेकलेली असते. तिने ती दोन्ही हातांनी उचलली, पातं मागे फिरवलं आणि मुलाचा हात चौथ्यांदा वर गेला तेव्हा बोथट बाजू त्याच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज शेजारी गाव्रीलच्या बायकोने भिंतीपलीकडून ऐकला.

इलारिये गुडघ्यांवर बसला. बूट पडला. डाव्या हातातले केस मात्र सुटले नव्हते.

"केस सोड तिचे," म्हातारी म्हणाली.

त्याची मूठ तशीच राहिली. तिने कुऱ्हाड पुन्हा उचलली.

"इलारिये, दुसरा हात पण जाईल. सोड."

त्याने सोडले.

जिल्ह्याच्या इस्पितळात दोघांना एकाच ट्रॅक्टरमधून नेलं, तो एका कडेला, ती दुसऱ्या. डॉक्टरांना तो म्हणाला, शिडीवरून पडलो. आईने मोडला हे सांगायची त्याला लाज वाटली. सावेताने मात्र फौजदाराला सगळं सांगितलं, तोंडाला टाके असल्यामुळे हळूहळू, एकेक शब्द. त्याला घरापासून लांब राहण्याचा हुकूम झाला. तो वरच्या जंगलात लाकूडतोड्यांच्या तळावर राहायला गेला.

सावेता घरी आली तेव्हा तिचा डावा गाल खोल गेला होता. म्हातारीने तिला दुधात कुस्करलेली भाकरी भरवली आणि सावेताने तडकलेले बूट बाहेर काढले. बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसली. मग आरी आणि सुरी घेतली आणि चांगलं राहिलेलं चामडं कापून वेगळं केलं.

मार्चमध्ये गाव्रील आपले बूट घेऊन आला. तो शिकाऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या, वयाने मोठा, सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याच्या बुटाची जीभ फाटली होती. सावेताने इलारियेच्या बुटातला तुकडा लावून ती शिवली, बूट चरबीने चोळून दिले. मग टोळीतले बाकीचेही येऊ लागले. पडवीतल्या तुळईला बुटांच्या रांगा लागल्या. कुणी बदल्यात लाकडं फोडून द्यायचा, कुणी डुकराची खारवलेली चरबी आणायचा. सावेता तोंडावर रुमाल न ओढता बसायला लागली.

मे महिन्यातल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, गाव्रील आणि टोळीतला तरणाबांड सिमिओन आपापले बूट न्यायला आले होते. सिमिओनने नवे चोळलेले बूट तिथेच पायात घातले आणि पावलं आपटून पाहिली. राफिला पडवीसमोरच्या उघड्या चुलवणाजवळ बसून चरबी वितळवत होती. त्या दोघांना आलुबुखाराची दारू देण्यासाठी सावेता आत वळली आणि फाटकातून इलारिये आला.

प्लॅस्टर निघालं होतं पण हात वाकडा जुळला होता, अर्धवट दुमडलेला. तो प्यायलेला होता. गाव्रीलने त्याला शांतपणे सांगितलं की इथे यायची तुला मनाई आहे, घरी जा. तो हसला. म्हणाला, हेच माझं घर. मग तुळईवरच्या रांगांकडे बघितलं.

"साऱ्या गावाचे बूट चोळतेस. माझे कुठेत?"

"कापले," सावेता म्हणाली.

"काय?"

"तडकले होते. चांगलं होतं तेवढं कापून ठिगळांना वापरलं. गाव्रीलदादाच्या पायात आहे त्यातला एक तुकडा."

इलारियेने गाव्रीलच्या पायाकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम रिकामा झाला. त्याला काय करायचं होतं ते त्यालाही ठाऊक नसावं. त्याने समोर होतं त्यालाच लाथ घातली, आणि समोर होतं चुलवण. चरबीचं पातेलं उडालं आणि उकळती चरबी राफिलाच्या दोन्ही पायांवर सांडली.

म्हातारीने जो आवाज काढला तो माणसाचा वाटत नव्हता. सावेता तिच्याकडे धावली, मोजे ओढायला गेली तर मोज्यांबरोबर कातडी निघू लागली. तिने पाण्याची बादली तिच्या पायांवर ओतली. इलारिये तिथेच उभा होता. "आई," म्हणाला, "आई, मी..." पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण सिमिओनने त्याला मागून पाडलं.

पहिल्यांदा त्यांनी हातांनी मारलं, मग पायांनी. इलारियेला वाकड्या हाताने तोंड झाकता येत नव्हतं. आवाज ऐकून शेजारून आणखी दोघं कुंपणावरून उड्या टाकून आले आणि काय झालं ते न विचारताच मारायला लागले. सावेताने मान वर केली तेव्हा तिला आधी सिमिओनचा बूट दिसला. आदल्या दिवशी तिनेच चोळला होता, शिवणीत मेण भरून, टाचेचा सुटलेला खिळा नव्याने ठोकून. तो वर जात होता आणि इलारियेच्या डोळ्यावर उतरत होता.

ती उठली, लोखंडी ऐरण उचलली आणि सिमिओनच्या नडगीवर घातली. तो कळवळून बाजूला पडला. दुसऱ्याने पाय उचलला तेव्हा ती इलारियेवर आडवी झाली आणि ती लाथ तिच्या बरगडीत बसली. मग सगळे थांबले.

गाव्रील धापा टाकत होता. "पोरी, वेड लागलंय का तुला? तुझ्यासाठीच मारतोय त्याला."

"माझ्यासाठी?" ती उठली नाही. "दादा, आपली भिंत एक आहे. इतकी वर्षं तुम्हाला ऐकू येत होतं. तेव्हा कुठे होतात?"

सिमिओन नडगी धरून तिला शिव्या देत होता. सावेताने त्याला मायलेकांना इस्पितळात न्यायला गाडी काढायला सांगितलं. त्याने काढली, लंगडत.

इलारियेचा डावा डोळा वाचला नाही. खटल्यात सावेताने आधी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, बुटाची आणि चरबीची, आणि मग त्याच दिवशी त्या चौघांविरुद्ध. गावाला हे आवडलं नाही. सिमिओनच्या आईने तिच्या अंगणात थुंकून सांगितलं की माझ्या लेकाने तुझा कैवार घेतला आणि तू त्याला कोर्टात उभं केलंस. बऱ्याच घरांनी तिच्याकडे बूट द्यायचं बंद केलं. मला विचाराल तर तिने दोन्ही वेळा खरं तेच सांगितलं, पण मलाही हे म्हणायला वेळ लागला.

राफिलाच्या जखमा भरायला उन्हाळा गेला. इलारियेला शिक्षा झाली, पण आधी बराच काळ तो इस्पितळातच होता, डोक्याच्या मारामुळे. म्हातारीला चालता येईना, तरी रविवारी मुलाला भेटायचा तिने हट्ट धरला. सावेता तिला पाठुंगळी घेऊन बसच्या थांब्यापर्यंत न्यायची आणि शहरात उतरल्यावर पुन्हा पाठीवर घेऊन इस्पितळाच्या दारापर्यंत. आत कधी गेली नाही. बाहेरच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायची.

एकदा म्हातारी बाहेर आली, भिंतीला धरून. डब्यातली सरमाळे, म्हणजे कोबीच्या पानातल्या खिम्याच्या गुंडाळ्या, त्याने सगळी संपवली होती.

"तुझं विचारत होता," ती म्हणाली.

सावेताने बियांची टरफलं झटकली. "काय?"

"गाल भरून आला का, म्हणून."

सावेताने उरलेल्या बिया खिशात टाकल्या. मग म्हातारीपुढे पाठ करून खाली वाकली.

"चला आई. बस निघून जाईल."