दोन कोपरांचं जाकीट

मित्रांनो, दारामागच्या खुंटीवर हेल्मेटशेजारी जे जुनं काळं चामडी जाकीट दिसतंय ना, ते मीच. हात लावायचा तर लावा, पण आधी पुसून या.

माझं घराणं मोठं आहे, ते अगोदर ऐका. माणसाला कापड विणता येत नव्हतं, तेव्हा थंडीत त्याच्या अंगावर कातडंच होतं. पुढे विमानं आली. सुरुवातीच्या विमानांना डोक्यावर छप्पर नसे, वारा हाडांत शिरे. तेव्हा वैमानिक निमूट आमच्याकडे आले. मागोमाग मोटारसायकलवाले आले. बटणांच्या फटींतून वारा घुसतो म्हणून आम्हाला चेन लागली, आणि गाडीवर ओणवं झाल्यावर पोटात रुतू नये म्हणून ती तिरकी लागली. लोकांना वाटतं नखरा आहे. नखरे करायला आम्हाला सवड कुठे होती!

माझ्यासाठी एक मुका जीव गेला, हे मी विसरत नाही. त्याचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजलं, सालींच्या काढ्यात मुरलं, तेल प्यायलं, तेव्हा कुठे कमावलं गेलं. आयतं काही मिळालं नाही मला.

माझा मालक रक्तपेढीतून रक्ताच्या पिशव्या मोटारसायकलवरून इस्पितळांत पोचवायचा. तो पडला की खरचटायचं मला, त्याला नाही. मित्र म्हणायचे, "वाघ दिसतोस!" बायको म्हणायची, "वाघ कसला? भिजलेल्या कुत्र्याचा वास येतोय. बाहेर काढून ठेवा ते."

एका सकाळी छातीत कळ येऊन तो गेला.

ज्या बाईने मला कधी खोलीत घेतलं नव्हतं, तिनेच मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि गाठ मारून कपाटात ठेवलं. त्याचा वास उडून जाऊ नये म्हणून. मधूनच ती गाठ सोडायची, माझ्या कोपरावरच्या वळीवरून बोट फिरवायची. त्याचा हात वाकून वाकून पडलेली वळी ती. मग पुन्हा गाठ. मायेनेच कोंडलं हो, पण चामड्याला हवा लागते. माझ्यावर बुरशी चढली.

मुलगी मोठी झाली आणि बापाच्याच कामाला लागली. तिने मला बाहेर काढून पुसलं, तेल चोळलं, अंगात घातलं. बाह्या मात्र तिच्या तळहातावर यायच्या. एका वळणावर बाहीची कड ब्रेकमध्ये अडकली आणि पोरगी आडवी झाली. पिशव्या वाचल्या, गुडघे सोलले. घरी येऊन तिने ते हसत सांगितलं. आई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी आई लेकीला आणि मला घेऊन चामड्याच्या कारागिराकडे गेली. त्याने बाहीवर खडूची रेघ ओढली आणि हात थांबवला.

"वहिनी, हे कापडासारखं नाही. एकदा कापलं, सुई लागली, की भोकं कायमची. पुन्हा त्यांच्या मापाचं होणार नाही. नंतर रडत यायचं नाही."

"नको गं आई," मुलगी म्हणाली, "बाबांचं माप राहू दे. मी दुमडून घालीन."

आईने माझी बाही हातात घेतली. बोट वळीवर गेलं आणि तिथेच थांबलं. मला वाटलं, आता ही मला उचलणार आणि परत पिशवीत घालणार.

"मापाला काय चाटायचंय?" ती म्हणाली. "हात तुझे आहेत ना? मग तुझ्या मापाचं व्हायला हवं. कापा हो. माझ्याकडे बघत बसू नका, बाहीकडे बघा."

कात्री चालली. आवाज मोठा झाला, पण तिने मान फिरवली नाही.

आता माझ्या बाहीवर दोन वळ्या आहेत. खाली बापाच्या कोपराची, तिच्यावर बोटभर अंतरावर लेकीच्या कोपराची. ती दुसरी अजून कोवळी आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाची तरी वस्तू कपाटात कोंडलेली असेल. तिला बाहेर काढा, पुसा, वापरा. झिजेल म्हणून घाबरू नका. आमचा जन्मच त्यासाठी आहे. आम्हाला थोडं तेल हवं, थोडी हवा हवी, आणि आत एक जितंजागतं अंग हवं.