हवालदाराची खोळ

मित्रांनो, मी एक जुनी खोळ आहे. उशीची नव्हे, पिंजऱ्याची. सध्या इस्त्रीच्या टेबलामागे खुंटीला टांगलेली असते.

मला एका शिंप्याने शिवलं. त्याचं आणि त्याच्या धाकट्या बहिणीचं दुकान एकच. उजवीकडे त्याचं मशीन, डावीकडे तिची धुलाई आणि इस्त्री. तिचे केस पिकले तरी तो तिला ‘छोटी’च म्हणे. घरात तिसरा एक हिरवा पोपट. गिऱ्हाईक उंबऱ्याशी आलं की शीळ घालायचा, म्हणून त्याचं नाव हवालदार. एकटा ठेवला की तो स्वतःचीच पिसं उपटत बसे. त्यामुळे शिंपी कपडे पोचवायला निघाला की हवालदारही निघायचा, अगदी कडाक्याच्या थंडीतसुद्धा. त्यासाठीच माझा जन्म झाला. बाहेरून कुणीतरी न्यायला विसरलेला जाड कोट, आतून मऊ अस्तर, मध्ये बोटभर कापूस आणि हवेसाठी एका अंगाला झडप.

शिंप्याची शिस्त मोठी. आधी पिंजरा थोडा वेळ दाराजवळ ठेवायचा, म्हणजे पाखरू उबेतून एकदम गारठ्यात जात नाही. झडप वाऱ्याच्या उलट बाजूला. आणि निघण्याआधी माझ्या आत हात घालून बघायचं. “नवरदेवाचे इतके लाड होत नाहीत,” छोटी म्हणायची. गिऱ्हाइकंही मला वाखाणत. मी जरा फुगलेच होते तेव्हा. कापूस नवा होता.

एका हिवाळ्यात शिंपी शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. इस्पितळ नदीपलीकडे होतं. त्याने निरोप धाडला, हवालदाराला एकदा घेऊन ये, व्हरांड्यात भेटू देतात. इकडे हवालदाराने छाती पार उघडी करून घेतली होती. दाण्याला तोंड लावत नव्हता. दादा दिसला तरच हा जगेल, असं छोटीला वाटलं.

छोटीला स्वच्छतेचं वेड. इस्पितळात मळकी खोळ न्यायची म्हणजे तिच्या धंद्याचं नाक कापलं जाणार. तिने सकाळी मला धुतलं, पिळलं आणि तापलेली इस्त्री फिरवली. वरून मी कोरडी झाले, गरमसुद्धा. तिने माझ्यावर थाप मारली. “बघ, कशी कडकडीत वाळलीय!” आतला कापूस ओलाच होता. मला ते कळत होतं, पण खोळीला तोंड असलं तरी बोलता कुठे येतं?

पुलापर्यंत इस्त्रीची ऊब टिकली. पुलावर वारा लागला आणि ओल अस्तरातून आत उतरली. हवालदार आधी चुळबुळला. मग उरलीसुरली पिसं फुलवून अंग चोरून बसला. छोटी बाहेरून म्हणत राहिली, “आलंच हं, दादा वाट बघतोय.” मला तेव्हा काय वाटलं, ते सांगता येत नाही. मी गार होते, एवढंच.

व्हरांड्यात शिंप्याने सवयीने माझ्या आत हात घातला. हात तसाच थांबला. मग त्याने पाखराला बाहेर काढून सदऱ्याच्या आत, छातीशी धरलं. हवालदाराने शीळ घातली नाही. थोड्या वेळाने त्याची मान कलली.

“काय झालं रे दादा?” छोटीने विचारलं.

“वय झालं होतं गं त्याचं,” शिंपी म्हणाला. “माझ्यासाठी थांबला होता.”

छोटीने एका हातात रिकामा पिंजरा घेतला आणि मला घडी करून दुसऱ्या हातावर टाकलं. पुलावर तिची बाही ओली झाली. तिने बाहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चालत राहिली. ती रडली नाही. दुकानात येऊन उरलेल्या कपड्यांना इस्त्री केली.

पुढे शिंपी घरी आला, लंगडत कामाला लागला. त्या दिवसाचा विषय दोघांनी काढला नाही. फक्त दुकान बंद करताना छोटी मला खुंटीवरून काढते.

“दादा, वाळलीय ना रे ही?”

“वाळलीय.”

“आतून?”

मशीन थांबतं.

“आतून पण, छोटी.”

मग मशीन पुन्हा चालू होतं.

मित्रांनो, गारठलेलं पाखरू तक्रार करत नाही, गप्प बसतं. थंडीत त्याला बाहेर न्याल तेव्हा खोळीवर नुसती थाप मारून निघू नका. आत हात घाला आणि जरा वेळ तसाच ठेवा. छोटी आता रोज ठेवते. आत कुणी नसतं.