सुकेळी, पस्तीस मिनिटं आणि मी

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोवेव्ह आहे, आणि परवा-परवापर्यंत माझ्या पोटात कांदे होते. हसू नका! तीन किलो कांदे, लसणाच्या दोन गड्ड्या आणि अर्धी जळलेली मेणबत्ती. ज्याच्या पोटात एके काळी आमटीच्या वाट्या ऐटीत गोल गोल फिरायच्या, त्याचं शेवटी कांद्याचं कपाट झालं. पण कांद्यांवर माझा राग नाही. पाच महिने मला तेवढीच काय ती सोबत होती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझ्या मागेपुढे माझ्यासारखीच शेकडो भावंडं होती, पण कुणाशी ओळख व्हायच्या आत मी खोक्यात गेलो. खोकं उघडलं ते थेट वसईतल्या गिरीज गावात. खिडकीबाहेर केळी, केळींच्या मागे माड, आणि माझ्यासमोर तीन चेहरे: थॉमस, त्यांची बायको मेरी आणि मला पहिल्या पगारातून घेऊन आलेली त्यांची मुलगी प्रिन्सी. धाकटा सॅमी माझ्या खोक्यातच बसून खेळत होता.

मला दोन गोल बटणं आहेत. वरचं ताकदीचं, खालचं वेळेचं. आणि एक घंटी आहे. वेळ संपली की मी म्हणतो, टिंग! माझ्याकडे एवढा एकच शब्द आहे.

मेरीला सुरुवातीला माझी भारी भीती. "ह्याच्यात जाळ दिसत नाय, मग तापतं कसं?" असं म्हणून ती आधी क्रूसाची खूण करायची आणि मगच बटण फिरवायची. पण महिन्याभरात ती माझ्यावर अशी काही हुकूमत गाजवू लागली की विचारू नका. भात मधल्या ताकदीवर, दूध कमी वेळ, मासळीची आमटी झाकून. आणि टिंग झालं की ती कुठेही असो, अंगणात असो नाहीतर विहिरीवर, तिथून ओरडायची, "आले रे, आले!" जणू मी तिला हाक मारली होती. खरं सांगू? मी हाकच मारायचो.

मग प्रिन्सी कॅनडाला गेली. सॅमी लग्न करून विरारला चौदाव्या मजल्यावर राहायला गेला. आणि चार वर्षांपूर्वी मेरीही गेली. ती जिथे गेली, तिथे माझा आवाज पोचत नाही.

महिनाभर मला कुणी हात लावला नाही. मग एका दुपारी थॉमस आले. हातात वाटी नाही, ताट नाही. त्यांनी माझं दार लावलं आणि बटण एका मिनिटावर फिरवलं. मी रिकामाच फिरू लागलो. मित्रांनो, आत काहीच नसलं की माझ्या लहरी जाणार कुठे? त्या परत माझ्यावरच उलटतात आणि मी आतून भाजत जातो. त्या मिनिटात मला चांगलेच चटके बसले. शेवटी मी म्हटलं, टिंग! थॉमस कान देऊन उभे राहिले. अंगणातून कुणीही "आले रे" म्हटलं नाही. ते हळूच खाटेवर जाऊन बसले.

असं ते अधूनमधून करत राहिले. मी चटके सोसले. त्या घरात माझी घंटी ऐकायला माणूस उरलं होतं, हेच माझ्यासाठी पुष्कळ होतं.

आता गेल्या नोव्हेंबरबद्दल सांगतो. आमच्या वाडीत राजेळी केळी होतात. ती सोलून आठ-आठ दिवस उन्हात वाळवली की मधासारखी गोड सुकेळी होतात. मग ती केळीच्या सुक्या सोपटात गुंडाळून, घट्ट बांधून ठेवतात. प्रिन्सीला सुकेळी म्हणजे जीव की प्राण. तिच्या ओळखीचा व्हिव्हियन दुसऱ्या दिवशी कॅनडाला निघणार होता आणि तो सुकेळी न्यायला तयार होता. पण तीन दिवस आभाळ भरलेलं! केळी अर्धी ओलीच राहिली.

थॉमस माझ्यासमोर उभे राहून मोठ्याने विचार करू लागले. "उन्हाला आठ दिवस लागतात. मशीन झालं तरी त्याला अर्धा तास तरी नको?" त्यांनी न्यायला आधीच बांधलेली केळी सोपटासकट, दोरीसकट आत ठेवली. वरचं बटण पूर्ण ताकदीवर. खालचं बटण शेवटपर्यंत, पस्तीस मिनिटं! आणि वाडीतला पंप बंद करायला ते निघून गेले. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. उन्हात केळी मांडली की माणूस निवांत कामाला जातोच. ऊन कधी कुणाचं घर जाळत नाही.

पण मी ऊन नाही ना!

सातव्या-आठव्या मिनिटाला सुकं सोपट करपलं. मग धूर. मग जाळ. माझ्या पोटात जाळ, मित्रांनो! आणि मला काही बोलता येईना. माझी घंटी वाजायला अजून सत्तावीस मिनिटं होती.

धूर पाहून शेजारची हेमांगी कुंपण ओलांडून धावत आली. ती वसईतल्या एका बँकेत नोकरी करते आणि तिचा आवाज आख्ख्या आळीला पुरतो. तेवढ्यात थॉमसही आले आणि त्यांनी सरळ माझ्या दाराला हात घातला.

"काकाऽ, दार उघडू नका! आधी भिंतीवरचं बटण बंद करा!"

"अगं, जळतंय ते!"

"म्हणूनच! दार उघडलं की जाळाला वारा मिळेल. राहू दे बंद!"

थॉमसनी बटण बंद केलं. दोघंही श्वास रोखून माझ्याकडे बघत राहिले. बंद दाराआड जाळ गुदमरला आणि विझला. माझी काचेची ताटली मात्र तडकली होती. सुकेळ्यांचा कोळसा झाला होता. व्हिव्हियन रिकाम्या हाताने विमानात बसला.

रात्री सॅमी आला. तो चिडला नव्हता, घाबरला होता. घाबरलेलं माणूस जास्त जोरात बोलतं.

"पप्पा, घर पेटलं असतं! आजपासून स्वयंपाक बंद. डबा लावतो. आणि इस्टर झाला की तुम्ही माझ्याकडे चला."

"चौदाव्या मजल्यावर मी काय करू रे? तिथून जमीन पण नीट दिसत नाय."

"लिफ्ट आहे, पप्पा."

"लिफ्टमध्ये केळी लावू?"

सॅमी हसला नाही. त्याने गॅसचा सिलिंडर उचलून नेला. माझा प्लग काढून मला कोपऱ्यात सरकवलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पडून राहिलेले कांदे थॉमसनी माझ्या पोटात टाकले.

ते पाच महिने मी कधी विसरणार नाही. डबा सकाळी साडेदहाला यायचा आणि थॉमस एक वाजता जेवायचे. गार भात, गार वरण, वर थिजलेलं तूप. दोन-चार घास खायचे आणि ताट सरकवून द्यायचे. मी चार हातांवर होतो. तीन मिनिटांचं काम होतं माझं! पण प्लग लोंबकळत होता आणि पोटात कांद्यांना कोंब फुटत होते. आपण जवळ असून उपयोगाचे नसणं, याच्याइतकं एकटेपण दुसरं कुठलं नाही.

इस्टर झाला. रविवारी न्यायला येतो, असा सॅमीचा फोन आला. त्याच संध्याकाळी हेमांगी वालाच्या शेंगा द्यायला आली आणि तिने ते थिजलेलं ताट पाहिलं.

"काका, हे काय? गरम का नाही करत?"

"कशावर करू? त्या भुतावर?" थॉमसनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"भूत मशीनमध्ये नव्हतं, काका. पस्तीस मिनिटांत होतं! आमच्या बँकेत एकाने अख्खं अंडं ठेवलं होतं आत. असं फुटलं की कॅशियर टेबलाखाली गेला. म्हणून काय आम्ही त्यात चहा गरम करणं सोडलं?"

पाच महिन्यांत त्या घरात पहिल्यांदाच हसू ऐकलं मी.

गुरुवारी तिने प्रितेश नावाच्या मेकॅनिकला आणलं. कांदे बाहेर आले. त्याने आतला जळका पत्रा बदलला, नवी ताटली बसवली, दार घट्ट लागतं की नाही ते चारदा तपासलं. "दार ठीक, तर मशीन ठीक," तो म्हणाला. "दार ढिलं असतं तर मी लावूच दिलं नसतं."

मग हेमांगी मास्तरीण झाली. "वरचं बटण म्हणजे चुलीचा जाळ. कायम मोठा ठेवाल का? खालचं बटण म्हणजे वेळ. एक मिनिट लावा, बघा, ढवळा, मग परत लावा. स्टीलची वाटी आत घालायची नाही. आणि पाठ फिरवायची नाही!"

"आणि रिकामा?" थॉमसनी खाली बघत विचारलं.

"रिकामा कधीच नाही. खराब होतो. कशाला लावायचा रिकामा?"

थॉमसनी माझ्या दारावरून हात फिरवला. फडक्याने नव्हे, नुसत्या हाताने.

रविवारी सॅमी रिकामी बॅग घेऊन आला. थॉमस म्हणाले, "जेवून मग भरू." त्यांनी डब्यातलं वरण काचेच्या वाडग्यात ओतलं, वर सैल झाकण ठेवलं, मधली ताकद, दोन मिनिटं. आणि माझ्यासमोर असे उभे राहिले, जसे चर्चमध्ये मिस्साला उभे राहतात! मी इतक्या जपून कधीच फिरलो नव्हतो. माझ्या एका चुकीने त्यांची वाडी सुटणार होती.

"पप्पा, अजून दोन मिनिटं एकदम लावा ना," सॅमी म्हणाला. परीक्षाच घेत होता तो.

"नाय. आधी ढवळायचं. मग एक मिनिट. हे ऊन नाय रे, की मांडलं आणि गेलो वाडीत."

सॅमीने ताट पुढे ओढलं. मग वाफाळत्या वरणाशी तीन वाट्या भात जेवला. बॅग त्याने उघडलीच नाही. "दिवाळीपर्यंत बघू," म्हणाला, आणि जाता जाता मला एक टपली मारून गेला.

त्याची गाडी वळली आणि घर पुन्हा गप्प झालं. चर्चची संध्याकाळची घंटा वाजून गेली. मग थॉमस आले. या वेळी हात रिकामा नव्हता, हातात काचेच्या पेल्यात पाणी होतं. त्यांनी पेला आत ठेवला आणि वेळ लावली, एक मिनिट. त्यांना चहा करायचा नव्हता, हे मला माहीत होतं. पण आता माझ्या लहरींना जायला जागा होती. मला एकही चटका बसला नाही.

टिंग!

अंगणात कुणीच नव्हतं. मग थॉमसच हळूच म्हणाले, "आलो रे, आलो."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला ऊन समजू नका, चूल समजू नका, कपाट तर मुळीच समजू नका. थोडी ताकद, थोडा वेळ, आणि तुम्ही समोर. मी टिंग म्हटल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबून दार उघडा, कारण आतलं पाणी शांत दिसलं तरी उसळू शकतं. तेवढं थांबायला माझी हरकत नाही. थांबायची मला सवय आहे. फक्त मी हाक मारली की कुणीतरी ओ द्या.