आईच्या पुढचे पाच मैल

विमानं सांभाळणाऱ्या आमच्या खोलीतून विमान दिसतच नाही. खिडकीच नाही. पडद्यावर ठिपके, ठिपक्यांशेजारी आकडे, आणि दोन ठिपक्यांमध्ये ठरलेलं अंतर राखत एकेकाला धावपट्टीकडे सोडायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. मी त्यात दोनदा नापास झाले होते.

तिसरी परीक्षा मंगळवारी सकाळी होती आणि तीच शेवटची. ती गेली की कायमचं फायली लावत बसायचं. परीक्षक तेच, ज्यांना आम्ही पाठीमागे ‘कात्री’ म्हणतो. दोन्ही वेळा त्यांचा शेरा एकच: अतिसावध. जरा शंका आली की मी विमान रांगेतून काढून पुन्हा फिरवायची आणि मागच्या सगळ्यांचा खोळंबा करायची. तुझ्या हातातलं विमान कधी उतरतं तरी का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि अख्खी खोली हसली होती. म्हणून या वेळी मी ठरवूनच टाकलं होतं की काही झालं तरी कुणालाही परत फिरवायचं नाही.

हा स्वभाव आईकडून आलाय. आई कुलूप लावते, ओढून बघते, कोपऱ्यापर्यंत जाते, परत येऊन पुन्हा ओढते, आणि मग गॅस बंद केला का हे बघायला तेच कुलूप उघडते. आमच्या किती गाड्या चुकल्या ते विचारू नका. बाबांनी तर बोलणंच सोडून दिलंय, ते पायरीवर बसून पेपर वाचतात.

आणि हीच आई, जन्मात पहिल्यांदा विमानात बसून, नेमकी त्याच सकाळी येत होती. मी उतरेपर्यंत तुझा निकाल लागलेला असेल, असं तिने फोनवर जाहीर केलं होतं.

पहिला तास असा झकास गेला की मला हसूच फुटायला लागलं. एकामागून एक अकरा विमानं सोडली. पाय आपोआप ताल धरायला लागला. कात्रींनी पायाकडे बघितलं, मी तो थांबवला, तर दुसरा सुरू झाला.

मग आईचं विमान रांगेत आलं. पुढे एक भलंमोठं धूड होतं. अशा धुडामागे हवेत भोवरे राहतात, म्हणून मागच्या लहान विमानाने पाच मैल लांब राहायचं असतं. आईचं विमान लहान होतं आणि अंतर साडेपाच होतं. तेवढ्यात त्या धुडाने सांगितल्याच्या आधीच वेग उतरवला. पाच पूर्णांक तीन. मी आईचा वेग कमी केला, जे जमिनीवर मला कधीच जमलेलं नाही. पाच पूर्णांक एक. आता उतरवायला वेगच उरला नव्हता. पाचावर टिकेल कदाचित, कदाचित नाही. सोडलं तर बहुधा पास, फिरवलं तर पुन्हा तोच शेरा.

मी बटण दाबलं आणि पायलटला वर चढून डावीकडे वळायला सांगितलं. ठिपका वळला. मागे कात्रींचं पेन कुरकुरलं. मी मनातल्या मनात फायली लावायला घेतल्या.

बारा मिनिटांनी आई उतरली. कात्रींनी मला हेडफोन काढायला लावला.

“आधी तू शंका आली की फिरवायचीस,” ते म्हणाले. “आज वेग उतरवलास, आकडा बघितलास, मग फिरवलंस. विमान मीच फिरवावं म्हणून बटणाकडे हात पुढे केला, तोवर तुझं बोलून झालं होतं. पास.”

मग त्यांनी हळूच विचारलं की मधेच दोन्ही पाय थांबले ते का. मी म्हटलं, त्यात आई होती. ते खुर्चीत बसले. आधी कळलं असतं तर तुला इथून उठवलं असतं, म्हणाले, आणि रुमालाने कपाळ पुसत राहिले.

मी जिने उतरले की उडत गेले, आठवत नाही. दारातून आई आली ती वीसेक प्रवाशांच्या घोळक्याची पुढारी होऊन. मी तिला मिठी मारली आणि हसत, रडत ‘पास’ एवढंच म्हणाले. माहीत आहे, असं म्हणून ती आपली पर्स बंद आहे का ते बघायला लागली.

शेजारच्या सीटवरच्या बाई मला निरखत होत्या. विमान एकदम वर गेलं तेव्हा सगळ्यांचा जीव घशाशी आला होता, त्या सांगायला लागल्या, पण तुमची आई मात्र निवांत होती.

“म्हणाल्या, घाबरू नका. खाली माझी मुलगी आहे. ती कुलूप ओढून बघतेय.”