पाठ आधीच बरी झाली होती

मी कमरेचा पट्टा बोलतोय. पँट सावरणारा चामड्याचा नव्हे, तो आमच्यातला ऐटबाज. मी रुंद, करडा, जाड कापडाचा, पाठीशी चार कडक पट्ट्या शिवलेला आणि सोडताना चर्रर्र आवाज करणारा. मला कुणी हौसेनं विकत घेत नाही. औषधाच्या दुकानात माणूस एका हातानं काउंटर धरून उभा राहिला, की दुकानदार न विचारताच माझ्या खोक्याकडे वळतो.

माझी मालकीण पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. पण तिची कंबर काही शिलाई मशीननं धरली नव्हती. तिचे यजमान आयुष्यभर बस चालवत होते. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली. माणूस आडदांड, ही चणीनं एवढीशी. सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून खिडकीपाशी, सगळं हिच्या एकटीच्या जिवावर. "नवरा हलवतेय की कपाट, तेच कळत नाही," असं म्हणून ती हसायची. मग हसणं कमी झालं. कळ कमरेतून निघून पार पोटरीपर्यंत जायला लागली.

मी तिच्या कमरेला बसलो तेव्हा वाटलं, आता मी आहे, घाबरायचं कारण नाही. पण पट्ट्याची धाव ती किती? मी कंबर आवळून धरायचो, ती ओठ आवळून धरायची. तिनं उठवताना ते आपल्या चांगल्या हातानं मला घट्ट पकडायचे. 

मोठ्या डॉक्टरांनी पाठीचे फोटो पाहून ऑपरेशन सुचवलं. त्यानंतर बरेच महिने वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. ती घरी आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसून राहिली. यजमानांनी पलंगावरूनच ओळखलं. बोलताना त्यांची जीभ जड व्हायची, तरी म्हणाले, "मला कुठंतरी ठेव. एखाद्या संस्थेत."

"आणि मी इथे काय करू? टाळ्या पिटू?"

"माझ्यापायी तुझी कंबर मोडली गं."

"मोडली नाही, धरलीय नुसती. जेवा गुपचूप."

ते धड जेवले नाहीत. त्या दिवसापासून अर्ध्यावरच हात आखडता घ्यायला लागले. खिडकीखालून बसचा रस्ता जात होता, तिथे बसणं त्यांना फार आवडायचं. आता म्हणायचे, "राहू दे, आज नको." पाणीसुद्धा घोटभरच प्यायचे, न्हाणीघरात न्यावं लागू नये म्हणून. त्यांचे कोरडे ओठ पाहून एके दिवशी तिच्या डोक्यात उजेड पडला. पेला हातात धरून ती तशीच उभी राहिली. "माझ्यासाठी हलके होताय होय?" एवढंच म्हणाली, आणि त्यांच्या उशाशी बसून रडली.

पडद्यांच्या दुकानातल्या मैत्रिणीनं एका फिजिओथेरपिस्टचा पत्ता दिला. एक जिना चढून वर दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर तरुण मुलगी, बोलायला रोखठोक. तिनं शेक दिला, मग टेबलावर झोपवून छातीला आणि कमरेला पट्टे बांधले आणि मशीननं पाठ हळूहळू ताणली, सोडली, पुन्हा ताणली. सुया नाहीत, सुरी नाही. तरी माझी मालकीण पहिल्या दिवशी डोळे मिटून पडली होती, कसायाच्या दारात आल्यासारखी.

"काकू, हा पट्टा पाहुणा आहे," डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "त्याला घरजावई करू नका. त्याचं काम तुमच्या पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंनी शिकायचंय."

मला ते लागलं. पण खरं होतं.

रोज सकाळी ती सतरंजीवर पडून व्यायाम करायची. पहिले काही आठवडे फरक शून्य. ती कंटाळली. "तुमचा वेळ फुकट घालवतेय मी," असं डॉक्टरला म्हणालीसुद्धा. तेव्हा डॉक्टरनं विचारलं, "घरी उचलता काय काय?" तिनं सांगितलं. डॉक्टर हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत राहिली. "हे आधी सांगायचं नाही का? रविवारी येते मी घरी."

रविवारी डॉक्टरनं एकदा हिला त्यांना उठवताना पाहिलं. मग स्टूल ओढून बसली, तीही हिच्यासमोर नाही, यजमानांसमोर.

"काका, डावा पाय धड आहे ना तुमचा?"

"आहे."

"मग तो काय सुट्टीवर गेलाय?"

आजारी पडल्यापासून त्यांना कुणी काही करायला सांगितलंच नव्हतं. सगळे म्हणायचे, पडून राहा. डॉक्टरनं त्यांना पलंगाच्या कडेला सरकायला शिकवलं, चांगल्या पायाचं पाऊल गुडघ्याखाली ओढून, पुढे झुकून जोर लावायला शिकवलं. हिला सांगितलं, "गुडघे वाकवा, कंबर नाही. जवळ उभ्या राहा. ओढू नका, फक्त साथ द्या."

यजमान घामाघूम झाले. मग अचानक त्यांना आपली नोकरी आठवली असावी. म्हणाले, "दोन घंट्या दे, मग निघतो."

"टिंग टिंग," ती म्हणाली. आणि ते उठले.

 मग ती हळूच म्हणाली, "मी उचललंच नाही. ते स्वतः उठले."

त्यानंतर घराची कळाच बदलली. ते पोटभर जेवायला लागले. सकाळी ती सतरंजीवर असली, की पलंगावरून ओरडायचे, "पाय खाली आला! वर घे, वर! फुकट प्रवास चालणार नाही!" पोटरीतली कळ आधी गेली, मग मांडीतली, मग कमरेतली. मी दिवसातून थोडाच वेळ बांधला जायचो, पुढे तेही नाही. दाराच्या खिळ्याला लटकून मी दोघांकडे बघत असायचो. एकदा कपड्याचा चिमटा खाली पडला. तिनं वाकून तो उचलला, दोरीला लावला आणि मग चपापून उभी राहिली. "अहो," तिनं हाक मारली, "मी वाकले!" ते हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

ते सुख फार टिकलं नाही. थंडीत त्यांना खोकला झाला आणि तो छातीत उतरला. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण एका दुपारी ते गेले. तिचा हात त्यांच्या डाव्या हातात होता, असं तिनं नंतर सगळ्यांना सांगितलं.

घर माणसांनी भरलं. जो तो एकच सांगत होता, "एका अर्थी सुटलीस." ती मान हलवायची. शेवटी तिची थोरली नणंद पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "फार उचललंस गं त्याला. आता तुझ्या कमरेला तरी आराम."

नणंद मायेनंच बोलली होती. पण हिनं तिचा हात बाजूला केला. "ताई, माझी कंबर ते असतानाच बरी झाली. ते गेले म्हणून नाही." आवाज चढला होता. "आधीच झाली होती. त्यांनी बघितलंय मला वाकताना."

 कुणीतरी म्हणालं, दुःखात माणूस काहीबाही बोलतं.

बऱ्याच दिवसांनी ती मला पिशवीत घालून दवाखान्यात आली. डॉक्टरला काही ठाऊक नव्हतं. "या काकू, वाका बघू." ती वाकली. बोटं फरशीला टेकली.

"दुखतं?"

"नाही."

"मुंग्या?"

"नाही."

"वा! आणि काकांना उठवताना?"

ती सावकाश सरळ झाली. "आता उठवायचं नसतं."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसली. माझ्या मालकिणीनं मला टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला तर ठाऊक आहे ना, मी आधीच बरी झाले होते?"

"ठाऊक आहे काकू. अर्धं काम तर काकांनीच केलं."

तेव्हा ती रडली. ते गेले तेव्हाच्या गर्दीतही रडली नव्हती, तशी.

आता मी या दवाखान्याच्या फळीवर आहे, गरज पडेल त्याच्यासाठी. मला जरूर बांधा, पण माझ्यावर विसंबून राहू नका. रोज सतरंजी अंथरा, धीर धरा. आणि कुणाचं माणूस गेलं, तर जाऊन नुसते शेजारी बसा. "सुटलात" म्हणू नका. ती अजून सांगत फिरतेय लोकांना, की तो माणूस तिला जड झाला नव्हता.