सासूबाईंच्या वाढदिवसाच्या गोळ्या

हिस्केच्या सासूबाईंचा, बाउक्येबाईंचा सत्तरावा वाढदिवस, म्हणून तिकडच्या रिवाजाप्रमाणे दिवाणखान्यात खुर्च्या भिंतीला पाठ लावून गोल मांडल्या होत्या. आलेल्याने सगळं वर्तुळ फिरून हात मिळवायचा आणि ज्याचा वाढदिवस नाही त्याचंही अभिनंदन करायचं. हिस्केचंही झालं. "सासूबाईंबद्दल अभिनंदन हं." मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. दुसरा मागायची रीत नाही. सल्ले मात्र न मागता मिळतात, आणि पोट भरून.

हिस्केचा केक तसाच पडला होता. तिचं लक्ष आपल्या सहा वर्षांच्या मुलीकडे, फेन्नाकडे होतं. फेन्नाला मधुमेह, दंडावर साखर मोजणारा सेन्सर, पोटावर इन्सुलिनचा पंप. कालपासून अंग कोमट होतं. आता पोरगी सोफ्याच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि पाण्यावर पाणी पीत होती. दहाच्या आत हवा तो साखरेचा आकडा फोनवर एकोणीस दिसत होता. पंपातून जास्तीचं इन्सुलिन देऊनही तो ढिम्म हलत नव्हता.

"तिच्या बोटातून रक्त काढून कीटोन बघते," हिस्के म्हणाली. इन्सुलिन पोचलं नाही की शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून कीटोन साचतात आणि रक्त आंबतं. त्यातून पोरं बेशुद्ध पडतात. या एका गोष्टीच्या धास्तीने तिची झोप कधीच उडाली होती.

"वाढदिवसात रक्तबिक्त कशाला," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे चीज खाताहेत."

समोरून हार्मेनकाका हसले. पस्तीस वर्षं गावचे डॉक्टर. मोडलेल्या पायापासून मोडलेल्या लग्नापर्यंत त्यांचं औषध एकच: पॅरासिटामॉल घ्या आणि दोन दिवस वाट बघा. बरेचसे रोग दोन दिवसांत कंटाळून निघून जात आणि श्रेय काकांना मिळे. जे जात नसत त्यांच्याबद्दल वाढदिवसांत बोलायची पद्धत नव्हती.

"आमच्या प्रोफेसरबाई," काका म्हणाले. "मागच्या आठवड्यात काय वाचलंत म्हणे? पॅरासिटामॉलने रक्त आंबतं?"

"संबंध असू शकतो, असं काहींना वाटतं. सिद्ध झालेलं नाही. म्हणून तर म्हटलं होतं, मला विचारल्याशिवाय तिला गोळी देऊ नका."

"सिद्ध झालेलं नाही," काकांनी वर्तुळाला सांगितलं. वर्तुळ समजूतदारपणे हसलं. "आणि तो एकोणीस विसर. पॅरासिटामॉलने काही सेन्सर फसतात, उगाच जास्त दाखवतात. हे मीही वाचलंय."

"पण तिने पॅरासिटामॉल घेतलेलंच नाही, काका."

काकांनी चीजचा तुकडा मोहरीच्या सॉसमध्ये बुडवला. "मी दिली ना मघाशी. कळवळत होती बिचारी."

हिस्केने त्यांच्याकडे बघितलं. शेजारी बसलेली नणंद रेनस्के खाली बघत म्हणाली, "मीही दिली. मुलांचीच होती, स्ट्रॉबेरीची चव असलेली. दुपारी."

"तू दुपारी दिलीस?" सासूबाई म्हणाल्या. "मग मी सकाळी उगाच दिली."

अभिनंदन ज्या क्रमाने फिरलं होतं त्याच क्रमाने कबुलीही फिरली. शेवटी पाळी नवऱ्याची आली. दाउवे म्हणाला, "मी नाही. मला माहीत होतं फक्त."

हिस्के उठून फेन्नाजवळ गेली. तिने पोरीचं बोट टोचलं. कीटोनचा आकडा चारच्या वर होता; तीनलाच इस्पितळ गाठायचं असतं. फेन्ना तेवढ्यात गालिच्यावर ओकली, आणि मग मात्र पाहुण्यांचं चीज खाणं थांबलं.

"गाडी काढ," ती दाउवेला म्हणाली. "जरा पटकन."

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं आणि फेन्नाच्या पोटावरची पंपाची नळी काढून दाखवली. आतून मुडपलेली होती. सकाळी वाढदिवसाच्या घाईत ती हिस्केनेच बसवली होती.

"मुख्य कारण बहुधा हेच," डॉक्टर म्हणाल्या. "गोळीचं ठामपणे नाही सांगता येत. पण गोळ्यांमुळे ताप दबून आजार लपला, आणि इतक्या जणांनी दिली म्हणून यकृतही तपासावं लागतंय. सेन्सर खोटं बोलत नव्हता."

हिस्के मान खाली घालून बसली. गेला आठवडाभर तिने गोळीला गुन्हेगार ठरवून ठेवलं होतं आणि सकाळी स्वतःच्या हातांकडे बघायचं विसरली होती. पण वाटेत धापा टाकणारी फेन्ना आता शांतपणे श्वास घेत होती.

संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाजात विजय होता. "दाउवे म्हणाला, नळी होती म्हणे. म्हणजे गोळी निर्दोष सुटली?"

"गोळीचं अजून ठरायचंय, काका," हिस्के म्हणाली. "नळीचा दोष माझा, तो मी कबूल केला. राहिलात तुम्ही सगळे. यापुढे फेन्ना तुमच्या वर्तुळात बसेल तेव्हा तिच्याशेजारची खुर्ची माझी, आणि पलीकडची रिकामी."

खाटेवरून फेन्नाने विचारलं, "आई, तू कोणाला रागावतेस?"

"कोणाला नाही," हिस्के म्हणाली आणि फोन बंद केला.