डाफ्ट म्हणणारी माणसं

इंग्लंडच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून जाण्यासाठी झालेल्या पहिल्या मुलाखतीत सोनम एकाच शब्दापाशी अडखळली होती. संगणकाच्या पडद्यावरच्या परीक्षक बाईंनी वृद्ध रुग्णाचे सोंग घेतले होते. सोनमने अदबीने विचारले, उठायला मदत करू का? बाई फणकारल्या, ‘‘डोन्ट बी डाफ्ट!’’ अपमानाने सोनमचा चेहरा उतरला. तिने नुसती क्षमा मागितली आणि निवड हुकली. आता दुसरी संधी होती, आणि तीच शेवटची.

‘‘अगं, ती शिवी नव्हे,’’ नवी पेठेतल्या इंग्रजीच्या शिकवणीत मुकुंद सर म्हणाले. ‘‘डाफ्ट म्हणजे खुळा, वेडगळ. तिकडे बहुधा आपल्या माणसालाच म्हणतात, लाडानं.’’

‘‘पण त्यावर मी करायचं काय, सर?’’

‘‘ते मात्र कोशात सापडायचं नाही.’’

रविवारी ती आपल्या गावी, मैंदर्गीला गेली. जन्मभर मेंढरांमागे चालून गुडघे गेलेली तिची गोजाआज्जी भिंत धरून उठू पाहत होती.

‘‘आज्जी, हात देऊ?’’

‘‘येडी का खुळी तू? मला काय धाड भरलीया?’’

सोनम थबकली. अंगणातून धुळाकाका हसला. ‘‘बसलेल्या मेंढीला ‘उठतीस का’ म्हणून इचारतो व्हय आपण? म्हाताऱ्या माणसाला इचारू न्हाय, पोरी. निस्ता खांदा फुडं करावा.’’

सोनम आज्जीला खेटून उभी राहिली. ‘‘चल की मेंढरांच्या वाड्याकडं. मला एकटीला कोकरं वळखू येत न्हाईत.’’

आज्जीने तिच्या खांद्यावर सगळा भार टाकला. ‘‘येडीच हाय ही,’’ ती पुटपुटली. आणि त्या स्वरात केवढी माया होती!

दुसऱ्या मुलाखतीत त्याच बाईंसमोर तोच प्रसंग पुन्हा आला. ‘‘डोन्ट बी डाफ्ट!’’

या खेपेस सोनम मनापासून हसली. आहेच मी डाफ्ट, ती इंग्रजीत म्हणाली. पण खिडकीपर्यंत सोबत चला ना, बाहेरच्या त्या झाडाचं नाव मला कुणी सांगितलेलं नाही. मग आपण बोलता बोलता खांदा कसा पुढे करू, तेही तिने करून दाखवले.

बाई सोंग विसरल्या. तो खांदा धरायला त्यांचा हात नकळत पडद्याकडे उचलला गेला, आणि त्या खळखळून हसल्या. निवड झाल्याचे त्यांनी तिथेच सांगितले.

सोनमने गावी फोन लावला. ‘‘आज्जी, जिंकली मी!’’

आज्जीने विचारले, ‘‘तितं तुला येडी म्हनायला कोन हाय गं?’’

‘‘लई जण हायत, आज्जी,’’ सोनम ओरडलीच, ‘‘सगळा दवाखाना भरलाय!’’